देहाचा जमाखर्च

(बी. ए. तृतीय वर्ष)

लातूरच्या मार्केट यार्डात माझे वडील एका अडत दुकानात मुनीम आहेत. त्या दुकानाच्या ओट्यावर पोती तोलण्याचा मोठा काटा आहे. तूर, सोयाबीन, हरभरा असे काय काय दिवसभर त्यावर चढते आणि उतरते. २०२४ च्या जून महिन्यात, सुट्टीच्या अखेरीस, मी अण्णांचा डबा घेऊन दुकानात गेलो असता एका हमालमामांना गंमत सुचली. "मुनीमजी, पोराला तोलू का?" असे म्हणत त्यांनी मला काट्यावर उभे केले. काट्याने ९१ हा आकडा दाखवला. मामा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "दीड कट्टा भरतोय. वरचं किलोभर मातेरं धरा." ओट्यावरची सगळी मंडळी खो खो हसली. मीही हसलो. आपल्यावरच्या हसण्यात सामील होण्याची कला लठ्ठ माणसाला लहानपणीच साधावी लागते. हसले नाहीत ते फक्त अण्णा. ते गादीवर एक पाय लांब करून बसले होते आणि त्या पायाला पांढरी पट्टी होती.

त्या पट्टीखाली अंगठ्याशेजारचे बोट नव्हते. महिन्यापूर्वीच मधुमेहाने ते नेले होते. चपलेचा खिळा लागला, पण पायाची संवेदना गेल्यामुळे तो लागल्याचे त्यांना कळलेच नाही. कळले तेव्हा बोट काळे पडले होते. पट्टी बदलायला आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी अण्णांच्या पायाकडे पाहिले, मग माझ्या पोटाकडे पाहिले आणि म्हणाले, "तूही रक्त तपासून घे." तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी नावाची तपासणी असते. ती ५.७ च्या खाली असावी; ६.५ च्या वर गेली की मधुमेह. माझी निघाली ६.१. म्हणजे मी उंबरठ्यावर उभा होतो आणि आतून अण्णा बोलावीत होते.

माझी उंची १६८ सेंटिमीटर. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो तो आपल्याकडच्या माणसांसाठी २३ च्या आत असावा, २५ च्या वर गेला की लठ्ठपणा समजावा, असे डॉक्टरमंडळी सांगतात. माझा आकडा ३२ आला. परीक्षेत पास होण्यासाठी पस्तीस लागतात आणि इथे बत्तीसाला मी उलट्या अर्थाने पहिल्या वर्गात होतो!

नांदेडला परतलो ते वजन उतरवण्याचा निश्चय करूनच. पण आपल्या समाजात रोग्यापेक्षा वैद्य अधिक आहेत याचा प्रत्यय पहिल्याच आठवड्यात आला. खोलीतल्या जोडीदाराने मध-लिंबू सांगितले. मेसच्या मावशींनी कारल्याचा रस सांगितला. टपरीवाल्या मामांनी तर वजन कमी करण्याचा उपाय सांगता सांगता मला दोन चहा पाजले. आणि जो तो शेवटी एकच प्रश्न विचारी, "तू दीक्षित की दिवेकर?"

या प्रश्नाचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार हे अनेक पदव्यांसाठी प्रसिद्ध असलेले विद्वान. आपण दर वेळी खातो तेव्हा शरीरात इन्सुलिन पाझरते, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी कराव्यात, असा विचार ते व्याख्यानांतून मांडत. २००४ साली त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे तो विचार उचलून धरला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, आणि ते आमच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते, हे मी अभिमानाने सांगतो. दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण आटोपायचे, मधे गोड काही खायचे नाही आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, हा त्यांचा परिपाठ. मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे म्हणणे याच्या उलट: थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खा, आणि आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातले खा. २०१८ च्या सुमारास या दोन पक्षांनी महाराष्ट्रातली घरे अशी वाटून घेतली होती की निवडणुकीतही इतकी चुरस नसते. लातूरने राज्याला दोन 'पॅटर्न' दिले असे आम्ही थट्टेने म्हणतो. एक गुण वाढवण्याचा, दुसरा वजन घटवण्याचा. पहिला मला साधला नव्हताच. दुसरा तरी साधावा, असे मी ठरवले.

पण अर्धवट शहाण्याचे जे होते तेच माझे झाले. मी दोन्ही पंथांचा संकर केला. वेळा घेतल्या दीक्षितांच्या आणि घास घेतले दिवेकरांचे! म्हणजे दिवसातून दोनदाच, आणि तेही एक पोळी नि चार चमचे वरण. असे खा म्हणून त्या दोघांपैकी कोणीही सांगितलेले नाही. हा माझा स्वतंत्र शोध. पहिल्या तीन आठवड्यांत पाच किलो वजन उतरले आणि माझ्या अंगात वारे शिरले. दिवसभर मला खाण्याखेरीज दुसरे काही सुचत नसे. शेंगदाण्याची चटणी स्वप्नात येई. वर्तमानपत्र हाती आले की अग्रलेख सोडून मी पाककृतींचे सदर वाची. पुढे वाचनात आले की १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून प्रयोग केला होता. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटले. पण ती मुलेही उदास आणि चिडखोर झाली आणि पाककृतींची पुस्तके जमवू लागली. आणि त्यांना तर दिवसाला दीड हजारावर उष्मांक मिळत होते! मी त्याच्या निम्म्यावर होतो. ऑगस्टच्या मध्यावर एका दुपारी ग्रंथालयात वरच्या फळीवरचे पुस्तक काढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पुस्तकासह खाली आलो. जमलेल्या मित्रांना वाटले, अभ्यासाचा ताण!

त्यानंतर महालक्ष्म्यांना घरी गेलो. पुरणपोळीपुढे माझा निश्चय टिकला नाही. परत येईपर्यंत पाचातले चार किलो परत आले होते आणि सोबत निराशा आणली होती.

अशा वेळी मला मार्ग दाखवला तो आमच्या गृहविज्ञान विभागाच्या मॅडमनी. हा विषय मुलींचा, असे समजून मी तीन वर्षांत त्या विभागाची पायरी चढलो नव्हतो. त्या दिवशी भीत भीत गेलो. मॅडमनी माझी हकीकत शांतपणे ऐकली आणि कपाटातून एक जुने, कडा झिजलेले पुस्तक काढले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७१ साली काढलेले, डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे ते कोष्टक होते. २०१७ मध्ये त्याच संस्थेने नवी कोष्टके काढली आहेत. पण मॅडमचा जीव जुन्यावर. त्या म्हणाल्या, "तुझे वडील मुनीम आहेत ना? मग तुला जमाखर्च नवा नाही. खाल्लेले ते जमा. श्वास, ऊब, चालणे-बोलणे यांत गेलेले ते नावे. आणि रोजची उरलेली श्री शिल्लक म्हणजे तुझे पोट."

एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला जी उष्णता लागते तो आहारशास्त्रातला एक उष्मांक, म्हणजे आपण जिला सैलपणे कॅलरी म्हणतो ती. ग्रॅमभर पिष्टात चार, प्रथिनात चार आणि स्निग्धात नऊ उष्मांक असतात. हा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने बसवला. आणि चरबीचा एक किलो म्हणजे ढोबळ मानाने ७,७०० उष्मांक.

मी तिथेच कागद घेऊन गणित मांडले. महाविद्यालयात आल्यापासून दोन वर्षांत माझे वजन सतरा किलोंनी वाढले होते. सतरा गुणिले ७,७००, भागिले ७३० दिवस. उत्तर आले सुमारे १८०. तेल लावलेल्या एका पोळीत इतकेच उष्मांक असतात! म्हणजे दोन वर्षे मी राक्षसासारखा खात होतो असे नव्हे; रोज एक पोळी अधिक, इतकाच माझा अपराध. देह वाढतो तसा त्याचा खर्चही वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात ती एकीहून थोडी जास्त असणार. पण त्या गणिताने माझ्या मनावरचा मोठा भार उतरला. थेंबाथेंबाने साचले ते थेंबाथेंबानेच उतरणार, हे पटले.

मॅडमनी पहिली अट घातली: "आठ दिवस काहीही बदलू नकोस. फक्त लिही." मी दोनशे पानी वही घेतली आणि तोंडात गेलेला प्रत्येक घास लिहू लागलो. किराणा दुकानात जाऊन पोळीचे पीठ तोलून आणले, चमच्यात तेल किती मावते ते पाहिले. आठवड्याअखेर रोजची सरासरी निघाली ती अशी: पाच चहा, प्रत्येकी नव्वद, म्हणजे साडेचारशे. सकाळचा सुशीला किंवा पोहे, तीनशे. दुपारी तेल लावलेल्या तीन पोळ्या, भाजी, वरण, भात मिळून ९६०. संध्याकाळी टपरीवरची भजी, अडीचशे. रात्री पुन्हा ९६०. एकूण २,९२०. आणि माझ्या वजनाच्या, दिवसभर बसून वाचणाऱ्या माणसाचा खर्च सुमारे २,६००.

या आकड्यांनी माझे बरेच भ्रम दूर केले. मी आजवर भाकरीला देवता आणि पोळीला अपराधी मानत होतो. कोष्टकात पाहिले तर शंभर ग्रॅम ज्वारीत ३४९ आणि गव्हाच्या पिठात ३४१ उष्मांक! भाकरीचा मोठेपणा तिच्या उष्मांकांत नाही. तिला तेल लागत नाही, ती सावकाश चावावी लागते आणि दोन खाल्ल्या की पोट स्वतःच पुरे म्हणते. शेंगदाण्यात ५६७, साखरेत ३९८, आणि तेलात पूर्ण ९००. भाजीवर तरंगणारी जी तर्री आपण चवीने भुरकतो तिच्यात एखाद्या भाकरीइतके उष्मांक सहज तरंगत असतात. उलट शंभर ग्रॅम ताकात १५ आणि काकडीत १३.

मग आम्ही खर्चात कपात सुचवणारे अंदाजपत्रक तयार केले. पाच चहांचे दोन केले, आणि त्यांत साखर अर्धा चमचा. सुरुवातीला तो चहा औषधासारखा लागला. महिन्याने टपरीवरचा चहा पाकासारखा लागू लागला. एवढ्यानेच तीनशे दहा उष्मांक वाचले. भज्यांच्या जागी ताक, काकडी आणि मूठभर फुटाणे, तिथे एकशे साठ. मेसच्या मावशींना हात जोडून सांगितले की माझ्या पोळ्या कोरड्याच ठेवा. पोळ्या तीनच राहिल्या, पण एकशे तीस वाचले. रात्री भात आणि पोळीऐवजी दोन भाकऱ्या, भाजी नि घट्ट वरण, तिथे दोनशे नव्वद. बेरीज झाली ८९०. जमा बाजू आली दोन हजार तीसवर, आणि मी उपाशी मात्र नव्हतो. प्रथिने आणि पालेभाज्या यांत काटकसर करायची नाही, ही मॅडमची दुसरी अट. मोड आलेली मटकी, डाळ, ताक यांनी भूक लांबते. अठराशे-दोन हजारांच्या खाली जाण्याचा हट्ट तुझ्यासारख्या मुलाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये, ही तिसरी.

रोज पंचेचाळीस मिनिटे मी गोदावरीच्या घाटाकडे चालत जाऊ लागलो. चालण्याने शरीर हलके झाले, झोप लागू लागली. पण त्याचाही हिशेब केला तेव्हा गर्व उतरला: एवढे चालून माझे जेमतेम दोनशे उष्मांक खर्च होत. चालून आल्यावर "आज हक्क आहे" म्हणून एक प्लेट भजी खाल्ली की सगळी चाल पाण्यात. चालणे आरोग्यासाठी, उतरणे ताटातून, हे मी कायमचे लक्षात ठेवले. वजनही रोज पाहायचे सोडले. देहातले पाणी दिवसागणिक किलो-दीड किलोने कमीजास्त होते आणि माणूस उगाच आनंदतो किंवा खचतो. दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी, एकाच काट्यावर.

एक धडा मला सचखंड गुरुद्वाराच्या लंगरात मिळाला. तिथे पंगतीत बसलो की सेवेकरी "प्रसादा" म्हणत येतात आणि आपण दोन्ही हात पुढे करून रोटी घेतो. वाढणारा कधी नाही म्हणत नाही, पण हात पुढे करणे न करणे आपल्याकडे असते, आणि घेतलेले टाकायचे नसते. किती वाढले जाते यापेक्षा हात कधी आवरायचा हे महत्त्वाचे, हे इतके साधेपणाने मला दुसरीकडे कुठे शिकायला मिळाले नाही.

डिसेंबरअखेर माझे वजन ८४ वर आले होते आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. अशा वेळी आली येळवस.

ज्यांचे गाव लातूरकडे नाही त्यांना वेळ अमावस्येचे महत्त्व कळणार नाही. त्या दिवशी शहरातले रस्ते ओस पडतात; सारा जिल्हा शेतात जेवत असतो. २०२४ ची येळवस ३० डिसेंबरला होती. औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात आजीने कडब्याची कोप करून घेतली, चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव मांडले. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, माठभर आंबील. माझ्या ताटात तिने स्वतः वाढले. मी एक उंडा परत काढून ठेवला आणि खिशातून वही काढली.

"काय लिवतुयास रं?" आजीने विचारले.

"काय खाल्लं ते लिहितोय, आजी. मोजून खातो हल्ली."

आजीचा हात तसाच थांबला. "जेवणाराच्या भाकरी मोजू न्हाईत, बाबा," एवढेच ती म्हणाली, आणि उठून कोपीमागे गेली. सगळे गप्प झाले. मी वही खिशात घातली. त्या दिवशीचे पान कोरे राहिले.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती आपणहून बोलू लागली. १९७२ चा दुष्काळ. तेव्हा लातूर जिल्हा झालेला नव्हता. आमचा तालुका उस्मानाबादेत होता. आजी विशीतली, अण्णा दोन वर्षांचे. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. पुढे त्यातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला. परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळे, मुलांना सुकडी मिळे.

"घरात सात माणसं आन् पाच भाकरी," आजी म्हणाली. "मी रोज मोजायची. कुणाला अर्धी, कुणाला चतकोर. तुझ्या बापाला सुकडी कालवून चारायची आन् मी पाणी प्यायची. तवाच ठरिवलं, देवानं दिवस दिले तर ह्या घरात भाकर मोजायची न्हाई. आन् तू वही घिऊन बसलास."

मी निरुत्तर झालो. माझे सारे गणित मला एकाएकी उर्मट वाटू लागले. मिनेसोटातले छत्तीस तरुण मला पुस्तकात भेटले होते. इथे माझ्या घरातच एक बाई त्याहून कमी खाऊन खडी फोडत होती, आणि तिच्या उपासाची नोंद कोणत्याही वहीत नव्हती.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि बालकांचा अभ्यास केला आहे. आपल्याकडची बाळे वजनाने लहान, पण त्या मानाने चरबी राखून जन्मतात, आणि पुढे सुबत्ता भेटली की मधुमेहाकडे झुकतात, असे त्यांना आढळले. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत गर्भात असलेल्या मुलांतही मोठेपणी साखरेचा दोष अधिक दिसला. अण्णांचे असेच झाले असे मी म्हणू शकत नाही. पण ज्या पोराला उपाशी ठेवायचे नाही म्हणून आजीने पन्नास वर्षे ताटावर तूप नि चहात साखर ओतली, त्याच पोराच्या पायाचे बोट त्या साखरेने नेले, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट दिसले. मी एवढेच म्हणालो, "आजी, तेव्हा नव्हतं म्हणून तू मोजलंस. आता आहे म्हणून अण्णांचा पाय गेला. मी घाबरलोय म्हणून मोजतो."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला नगं दावू ती वही. तुझ्या बापाला दाव." आणि रात्री अण्णांचा चहा आला तो बिनसाखरेचा. अण्णांनी एक घोट घेतला, आजीकडे पाहिले आणि मुकाट्याने संपवला. गेली दहा वर्षे डॉक्टरांना जे जमले नव्हते ते असे झाले.

लातूरला घरी आल्यावर मी अण्णांपुढे वही ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि सवयीने पाने तपासू लागले. बेरजा पाहिल्या. ऑक्टोबरातली माझी एक चूक काढली. "ह्या दिवशी तू एस. टी. ने आलास. अहमदपूरच्या स्टँडवर काही खाल्लं नाहीस?" मी खाल्ली होती, भजी. लिहिली नव्हती. मग ते ३० डिसेंबरच्या कोऱ्या पानाशी आले.

"हे का कोरं?"

"आजीला वाईट वाटलं, म्हणून..."

"रोजकीर्दीत एक दिवस कोरा सोडला की वर्षाचा मेळ लागत नाही," अण्णा म्हणाले. "जास्त खाल्लं तरी लिहावं. अंदाजानं लिही, पण लिही."

मी लिहिले: तीन उंडे, भज्जी दोनदा, खीर, आंबील. बेरीज तीन हजारांवर गेली. आकाश कोसळले नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दोन हजार. मला वाटते, वजन उतरवण्याच्या साऱ्या शास्त्रात याहून उपयोगी वचन नसेल. सणाच्या एका दिवसाने कोणी लठ्ठ होत नाही. त्या दिवसाला लाजून वही फेकून देण्याने होतो.

अण्णांनी वही परत दिली नाही. शेवटचे पान उलटून त्यांनी वर 'श्री' घातला, खाली रेघ मारली आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिले: 'चहा ३, साखर नाही.' त्यांच्या औषधांच्या मात्रा आम्ही स्वतः बदलल्या नाहीत. खाणे घटवून गोळ्या किंवा इन्सुलिन तेवढेच ठेवले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून वही घेऊन डॉक्टरांकडेच गेलो. माझ्यासारख्यांना माझी विनंती आहे की घरात मधुमेही असेल तर ही गोष्ट विसरू नये.

हे लिहीत आहे तो मार्च २०२५ चा मध्य आहे. त्या कोष्टकाच्या पुस्तकापासून सव्वीस आठवडे झाले. माझे वजन ८० किलो आहे. म्हणजे अजून मी शास्त्राच्या दृष्टीने लठ्ठच. पण एचबीए१सी ५.६ वर आली आहे आणि उंबरठ्यावरून मी एक पाऊल मागे सरलो आहे. अण्णांची साखर ९.४ होती ती ७.६ झाली. जखम भरली. ते आता यार्डात चपलेऐवजी बूट घालून जातात आणि रोज रात्री पाय धुऊन आरशात तळवे पाहतात.

मित्रहो, यात मी काही अपूर्व केलेले नाही. दोनदा जेवा की पाचदा, तुमच्या प्रकृतीला आणि तुमच्या मेसच्या वेळांना जे सोसेल ते करा. पण आठ दिवस प्रामाणिकपणे लिहून पाहा. आणि ज्यांना वजनाची काही अडचण नाही, विशेषतः ज्या मैत्रिणी आधीच काटकुळ्या असून जेवण टाकतात, त्यांनी हा लेख वाचून विसरून जावा. मोजणे हे औषध आहे, आणि औषध निरोग्याने घ्यायचे नसते.

मागच्या आठवड्यात दुकानात गेलो तेव्हा हमालमामांनी पुन्हा काट्यावर बोलावले. आकडा पाहून म्हणाले, "मुनीमजी, माल घटला." अण्णांनी वहीतून मान वर न काढता उत्तर दिले, "घट नाही ती. चाळून घेतलाय."

आजीने अजून ती वही पाहिलेली नाही. मी गावी गेलो की ती पूर्वीसारखीच वाढते. फक्त दोन भाकऱ्या झाल्या की माझ्याकडे पाहते, आणि न विचारता ताकाचा तांब्या पुढे सरकवते. ती मोजते की नाही, हे मी तिला विचारत नाही.